सोमवारी बंद

मित्रांनो, माझ्यात सध्या कोंबड्या राहतात. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मी एक जुनी मॅटाडोर आहे आणि एके काळी मी घर होते. रत्नागिरीत रीतसर वास्तुशांत झालेली आणि तरीही रिव्हर्स गियर असलेली बहुधा मी एकटीच वास्तू असेन.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमच्या जन्माचं कुठे आठवतं? माझ्या आठवणी सुरू होतात त्या आंब्याच्या पेट्यांपासून. माझे मालक श्रीपतीअण्णा हापूसचे बागायतदार. घर मांडवीला, समुद्राच्या वाऱ्यावर, आणि बाग पावसच्या वाटेवर कातळाच्या कडेला. हंगामात मी पेट्या भरून घाट चढायची आणि रिकामी होऊन उतरायची. तेव्हा लोक मला नंबरावरून ओळखत नसत, वासावरून ओळखत. दर दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडायचा आणि चाकाखाली लिंबू यायचं. लिंबाला काय वाटत असेल हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कौतुक चालू असताना असले प्रश्न सुचत नाहीत.

संध्याकाळी मला सुट्टी असे. अण्णा मला मांडवीच्या जेट्टीवर नेऊन उभी करत आणि कठड्यावर बसत. चालत गेले असते तर त्याहून लवकर पोचले असते, पण गाडी असताना चालणं त्यांना बरं दिसत नसे. तिथे त्यांचे दोन मित्र येत. तिघेही शाळेत एका वर्गात होते आणि साठीला आल्यावरही एकमेकांना अरे-तुरे करत होते.

एक बाबू मास्तर. त्यांनी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला. स्वतः पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. बर्फाच्या घरात राहणारी माणसं, वाळूत बुडणारे उंट, सहा महिन्यांची रात्र, असं सगळं ते डोळ्यांनी बघून आल्यासारखं सांगत. कोणी कधी म्हटलं नाही की मास्तर, हे तुम्हाला कोणी सांगितलं.

दुसरा गंगाराम. शेजारच्याच गावच्या बौद्धवाडीतला. वयाच्या अठराव्या वर्षी नौदलात गेला आणि विक्रांत जहाजावर कितीतरी वर्षं काढून परत आला. जहाजाच्या डेकवर विमानं उतरत ती ढकलायची, साखळ्यांनी बांधायची आणि खालच्या मजल्यावर न्यायची, हे त्याचं काम. तो बोलायचा कमी. जे बोलायचा ते बघितलेलं असायचं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "जहाजावरच्या विमानांचे पंख मिटतात."

 

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे जागा नसते ना. उतरलं की पंख असे वर घ्यायचे, मिटायचे आणि विमान खाली न्यायचं." त्याने दोन्ही तळवे उचलून दाखवलं.

अण्णांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी अण्णांकडे बघितलं. "गंगाराम," अण्णा म्हणाले, "मेल्या, ते विमान आहे का कोंबडी? संध्याकाळ झाली की पंख मिटून खुराड्यात!"

"आणि सकाळी अंडं," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून गंगारामचं नाव पंखमिट्या पडलं. नाव मास्तरांनी ठेवलं आणि अण्णांनी जेट्टीभर पोचवलं. गंगाराम त्या नावाला सगळ्यांच्या आधी हसायचा. हसणारा माणूस दुखावलेला नसतो, हा आपल्याकडचा एक सोयीस्कर शोध आहे. मास्तरांना विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि गंगारामला विचारायला छाती लागत नव्हती. फरक तेवढाच होता. तो फरक कशाने पडला असेल, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही मोठे झालात की आपोआप कळेल. आणि नाही कळलं, तर तुमचंही नाव कोणीतरी जेट्टीभर पोचवेल.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या सुमारास बातमी आली की गोव्यात, दाबोळीच्या विमानतळाजवळ, नौदलाने आपल्या जुन्या विमानांचं संग्रहालय उघडलं आहे. गंगाराम त्या संध्याकाळी जेट्टीवर आला तो जवळजवळ पळत. ज्या विमानावर त्याचे हात झिजले, पाणबुड्या शोधणारं ते पंख्याचं विमान तिथे ठेवलं होतं. त्याचा एक जुना जोडीदार वास्कोत स्थायिक झाला होता. त्याने बघून कळवलं होतं की पंख मिटलेले आहेत.

"चला," गंगाराम म्हणाला. "मी दाखवतो तुम्हाला."

इतक्या वर्षांत त्याने मित्रांकडे मागितलेली ही एकच गोष्ट. अण्णा दिलदार होते. लगेच हो म्हणाले. प्रश्न मुक्कामाचा आला. अण्णांच्या बायकोला, उल्कावहिनींना, लॉज चालत नसे. लॉजच्या गादीवर आपल्या आधी कोण निजलं होतं या विचाराने त्यांना झोप लागत नसे. तेव्हा अमेरिकेहून आलेल्या अण्णांच्या भाच्याने तिकडच्या चाकांवरच्या घरांचे फोटो दाखवले. आत बिछाने, आत चूल, आत मोरी. अण्णांनी फोटो बघितले, मग खिडकीतून मला बघितलं. माझं नशीब त्या एका नजरेत बदललं.

सुताराने फणसाच्या फळ्या ठोकून माझ्यात निजायची सोय केली. उल्कावहिनींच्या जुन्या साडीचे पडदे आले. स्टोव्ह आला, पाण्याचं पिंप आलं, डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस आली. इथवर सगळं ठीक होतं. पण अण्णा म्हणाले, ओट्याशिवाय कसलं घर? आणि ओटा म्हटला की चिरा. कोकणातल्या माणसाला जांभ्याचा चिरा दिसल्याशिवाय आपण घरात आहोत असं वाटत नाही. म्हणून चांगले घडवलेले दोन चिरे माझ्या पोटात बसवले गेले. माझे चाकांवरचे पाटे कुरकुरले. अण्णांना वाटलं, नव्या घराचं लाकूड वाजतंय.

मग वास्तुशांत झाली. गुरुजींना पूर्व दिशा ठरवताना थोडा त्रास झाला, कारण मी वळेन तशी माझी पूर्व वळत होती. शेवटी त्यांनी अण्णांना हँडब्रेक ओढून ठेवायला सांगितलं.

मी तयार झाले. आणि उभी राहिले. कारण, मित्रांनो, कोकणात प्रवासाला निघायला वर्षात जागा नसते. पौषात मोहर येतो, फवारणी करायची असते. मग शिमगा, पालखी दारात यायची असते. मग आंबा. आंबा संपतो तोच पाऊस. पावसात भात, श्रावण, मग गणपती, मग नवरात्र, मग भातकापणी, आणि दिवाळीची उष्टी काढून होईपर्यंत पुन्हा मोहराचे दिवस. गंगाराम दर महिन्याला विचारायचा, "मग कधी?" अण्णा म्हणायचे, "आता हे एवढं झालं की." ते एवढं कधीच संपलं नाही. माझ्या फळ्यांवर दोन पावसाळे चढले.

अखेर एका वर्षी भातकापणी लवकर उरकली आणि अण्णा ग्रामदेवतेला कौल लावायला गेले. तुमच्यापैकी जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शनिवारसाठी डावी पडली. रविवारसाठी उजवी. देवाने रविवार दिला. अण्णांचा हिशेबही जुळला. रविवारी दुपारी निघायचं, कुडाळजवळ उल्कावहिनींच्या माहेरी थांबायचं, सोमवारी सकाळी विमान बघायचं आणि मंगळवारी परत. त्या मंगळवारी अंगारकी होती आणि अण्णांची गणपतीपुळ्याची अंगारकी कधी चुकली नव्हती.

गंगाराम हे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सोमवारी बंद असतं."

"काय बंद असतं?"

"संग्रहालय. जोडीदाराने कळवलंय."

"सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं रे," मास्तर म्हणाले. "उभ्या विमानाला कसली सुट्टी?"

"पंखमिट्या," अण्णा हसत म्हणाले, "वार देवाने दिलाय. आता देवाचं ऐकू का तुझ्या जोडीदाराचं?"

गंगारामने पुन्हा सांगितलं नाही. तो देवाशी भांडायला आला नव्हता. त्याला मित्रांना घेऊन जायचं होतं, आणि निघालेल्या माणसांना थांबवलं तर ती पुन्हा निघत नाहीत, हे दोन वर्षांत त्याला कळलं होतं. शिवाय त्याच्या मनात कुठेतरी आलं असेल की देव म्हणतोय, तर एखादा सोमवार उघडंही ठेवतील.

आम्ही निघालो. पुढे अण्णा आणि मास्तर, मागे उल्कावहिनी, गंगाराम आणि त्याची बायको सीतावहिनी. लांज्याला अण्णांची आत्या होती. तिला टाळून जाणं शक्य नव्हतं. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. राजापूरच्या पुढच्या चढावर मात्र मी थांबले. दोन चिरे, एक पिंप, पाच माणसं आणि आत्याने दिलेलं नारळांचं पोतं, एवढ्यांना घेऊन तो चढ चढायला मी विमान नव्हते.

चिरे उतरवावे लागले. अण्णांनी ते रस्त्याकडेला एकावर एक नीट रचून ठेवले. परतताना घेऊ म्हणाले. मग सगळे मला ढकलायला मागे आले. मित्रांनो, आयुष्यात मला पुष्कळांनी ढकललं आहे. लोक गाडी ढकलतात तेव्हा चिडून ढकलतात, किंवा लाजून. गंगारामने आधी माझ्या पत्र्यावर तळहात फिरवला, कुठे हात लावला तर दुखणार नाही ते बघावं तसा. मग हळू आवाजात "हां" म्हणाला आणि खांदा लावला. तो गाडी ढकलणाऱ्याचा हात नव्हता. समुद्र हलत असताना, पायाखालची जमीन हलत असताना, फार मोलाची गोष्ट ढकलणाऱ्याचा तो हात होता. त्या क्षणी माझा त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसला. पण मला हॉर्न होता, तोंड नव्हतं. आणि हॉर्न अण्णांच्या हातात होता.

उल्कावहिनींच्या माहेरी दिवेलागणीला पोचलो. आता माझा खरा उपयोग होणार म्हणून मी सरसावले. फळ्या होत्या, पडदे होते. पण घर असताना माणसं गाडीत निजली तर लोक काय म्हणतील? अण्णा, वहिनी, मास्तर, सगळ्यांच्या गाद्या माजघरात पडल्या. गंगाराम म्हणाला, "आम्ही दोघं गाडीतच पडतो. हवा छान आहे." वहिनींच्या आईने आग्रह केला. एकदा. कोकणात आग्रह तीनदा करायची पद्धत आहे. पहिल्याला नाही म्हणायचं, दुसऱ्याला कशाला म्हणायचं आणि तिसऱ्याला उठायचं. त्या संध्याकाळी तो एकदाच झाला. त्यामुळे ज्यांच्यासाठी मी घर झाले होते ते माझ्यात राहिले नाहीत. दोघंच राहिली आणि त्यांनी मला फार नीट वापरलं. सीतावहिनींनी तुळशीला पाणीसुद्धा घातलं.

निजण्याआधी गंगारामने बायकोला तळवे वर करून पुन्हा एकदा दाखवलं, पंख कसे मिटतात ते. सीतावहिनी म्हणाल्या, "मला काय दाखवता? माझा कधी इश्वास नव्हता असं झालंय काय?"

"तसं नाही गं," तो म्हणाला. "मी काय विमान बघायला चाललोय? ते मी पोटभर बघितलंय. मला त्या दोघांची तोंडं बघायची आहेत."

आणि मग तो हसला. जेट्टीवर हसायचा तसा नाही.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो. फाटक बंद होतं.

फाटकावर एक जवान उभा होता. अगदी पोरगेला. त्याने हिंदीत सांगितलं की सोमवारी बंद असतं, उद्या या. गंगारामने त्याला आपण कुठे होतो, काय करत होतो ते सांगितलं. त्या पोराने एकही प्रश्न विचारला नाही. टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. फाटक मात्र त्याला उघडता येत नव्हतं.

गंगाराम माझ्या मागच्या शिडीवर चढला. भिंतीपलीकडे त्याला काहीतरी दिसलं. "ते बघा," तो म्हणाला. "ते शेपूट दिसतंय ना, तेच."

मास्तर शिडीवर दोन पायऱ्या चढले, बघून उतरले. "शेपूट सगळ्यांनाच असतं, गंगाराम. मुद्दा पंखांचा होता."

कोणी म्हणालं नाही की तू सांगितलं होतंस, सोमवारी बंद असतं. गंगारामही म्हणाला नाही. तो एवढंच म्हणाला की उद्या सकाळी उघडेल, एक रात्र थांबू. माझ्यात जागा होती, स्टोव्ह होता, पिंपात पाणी होतं. त्यासाठीच तर मला घर केलं होतं.

अण्णांनी घड्याळ बघितलं. "अरे, उद्या अंगारकी. माझी कधी चुकली नाही. ते विमान आता उडत नाही, कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी येऊ."

गंगाराम शिडीवरून उतरला. तुम्ही जा, आम्ही दोघं थांबून बघून एसटीने येतो, असं तो म्हणाला असता तर कोणी अडवलं नसतं. तो तसं म्हणाला नाही. एकट्याने बघण्यासारखं त्याच्यासाठी तिथे काही नव्हतं.

परतताना राजापूरच्या चढावर अण्णांनी मला थांबवलं. चिरे जागेवरच होते. पण वरच्या चिऱ्यावर कोणीतरी शेंदराचं बोट ओढलं होतं आणि एक जास्वंदीचं फूल वाहिलं होतं.  अण्णांनी स्वतःच्याच ओट्याला नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले. मित्रांनो, त्या चिऱ्यांना मी माझ्या पोटात वागवलं होतं. त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसायला एक रात्र पुरली. गंगाराम तीस वर्षं जेट्टीवर बसत होता.

पुढच्या वर्षी मोहर लवकर आला. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांच्या पुतणीचं लग्न निघालं. माझं घरपण हळूहळू उतरलं. लग्नात मी मंडपाचं सामान वाहिलं, निवडणुकीत मतदार वाहिले, हंगामात पुन्हा पेट्या. पडदे कोणी नेले ते कळलं नाही. तुळस वाळली. गंगारामने विचारणं बंद केलं. ते बंद झालं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. न विचारणाऱ्या माणसाचा आवाज होत नाही. जेट्टीवर त्याला अजून पंखमिट्याच म्हणत, आणि तो अजूनही सगळ्यांच्या आधी हसत होता. फक्त विमानाचं काही सांगत नव्हता.

दोन हजार तीनच्या भाद्रपदात एका सकाळी सीतावहिनींचा निरोप आला. गंगारामच्या छातीत दुखत होतं. अण्णा मला घेऊन निघाले. त्याला माझ्या फणसाच्या फळीवर निजवलं. ती एवढी एक फळी राहिली होती. अण्णा मला हळू चालवत होते. मला ती सवय नव्हती, त्यांनाही नव्हती.

अर्ध्या वाटेत गंगारामने विचारलं, "श्रीपत, आज वार कोणता?"

"गुरुवार," अण्णा म्हणाले.

"मग उघडं असेल," गंगाराम म्हणाला.

 अण्णांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, ते मला कळलं. त्यांना बहुधा म्हणायचं होतं की चल, आत्ताच जाऊ. पण आम्ही सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात आलो होतो. गंगाराम दोन दिवस होता. मग नव्हता.

त्या दिवाळीनंतर अण्णांनी कौल लावला नाही. मोहर बघितला नाही. पंचांगही बघितलं नाही. संग्रहालयात फोन करून विचारलं की बुधवारी उघडं असतं ना. पलीकडच्या माणसाने सांगितलं की फक्त सोमवारी बंद असतं. अण्णांनी फोन खाली ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

पुन्हा आम्ही निघालो. गंगारामची जागा रिकामी होती. उल्कावहिनींनी तिथे काही ठेवलं नाही. लांज्याची आत्या फाटकात उभी होती. अण्णांनी हात केला आणि पुढे गेले. ती अजून बोलत नाही म्हणतात. राजापूरच्या चढावर चिऱ्यांवर पत्र्याचं छप्पर आलं होतं, घंटा आली होती. मी तो चढ एका दमात चढले. हलकी होते ना मी. त्या संध्याकाळी कोणाच्याही माहेरी कोणी गेलं नाही. सगळे माझ्यातच निजले, एका फळीवर आणि खाली चटयांवर, दाटीवाटीने. सीतावहिनींना फळी दिली. त्या नको म्हणाल्या, तेव्हा उल्कावहिनींनी आग्रह केला. तीनदा.

बुधवारी सकाळी फाटक उघडं होतं. मला बाहेरच थांबावं लागलं, पण अण्णांनी मला अशी उभी केली की आतलं दिसावं. मुद्दाम केली का, ते मला ठाऊक नाही.

विमानं उन्हात रांगेने उभी होती. माझ्यासारखीच, कामं संपलेली. पण त्यांना रंग दिला होता आणि त्यांच्याभोवती फुलझाडं होती. त्यांत ते होतं. अंगाने जाडजूड, नाकावर पंखा. आणि त्याचे दोन्ही पंख वर उचलून मिटलेले होते. गंगाराम तळव्यांनी दाखवायचा तस्सेच. त्याने बोटांचा कोनसुद्धा चुकवला नव्हता.

मास्तर पंखांखाली जाऊन उभे राहिले. ज्यांनी मुलांना अख्खी पृथ्वी शिकवली, त्यांना मान वर करून एवढंसं बघताना फार वेळ लागला. मग ते बाहेर आले आणि माझ्याजवळ येऊन त्यांनी पाणी मागितलं. कोणाकडे, ते कळलं नाही, कारण तिथे मीच होते.

अण्णा आतच होते. त्यांनी विमानाच्या पोटाला हात लावला होता. राखणदाराने हात लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी काढला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. दुसऱ्यांदा राखणदार काही बोलला नाही.

सीतावहिनी विमानाकडे पाठ करून उभ्या होत्या. उल्कावहिनींनी त्यांना विचारलं की तुम्ही बघत का नाही, एवढ्या लांब आलात.

"मी विमान बघाय नाय आले," सीतावहिनी म्हणाल्या. मग अण्णांकडे आणि मास्तरांकडे वळल्या. "त्यांना तुमची तोंडं बघायची होती. ती मी बघितली. आता चला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडून झाली, आता फोडणी टाकते, अशा आवाजात म्हणाल्या. अण्णा खाली बघत माझ्यापर्यंत आले. दार उघडायला त्यांना दोनदा किल्ली लावावी लागली.  मी एरवी खूप आवाज करते. त्या दिवशी माझ्या इंजिनाला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता.

जेट्टीवरचं ते नाव त्यानंतर कोणी घेतलं नाही. एकदा एका नव्या माणसाने हसत हसत विचारलं, तो तुमचा पंखमिट्या कुठे गेला? अण्णा उठून घरी गेले. चालत गेले. मला तिथेच विसरले.

पुढे माझा परवाना संपला, मग टायर संपले. मला बागेत नेऊन एका जुन्या कलमाखाली उभी केली. आता माझ्या छतावर पानं पडतात, आणि मोहराच्या दिवसांत पुन्हा मला तो जुना वास येतो. मला रंग द्या, तेलपाणी करा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. जुन्या गाड्या असं म्हणतात, पण त्यांचं कोण ऐकतं? वस्तूंचं काय, वस्तू उभ्या राहतात. ते विमान उभं आहे, मी उभी आहे, चिऱ्यांना तर आता वर्षाला जत्रा भरते. उभं राहत नाही ते माणूस. म्हणून, मित्रांनो, तुमच्या कठड्यावर एखादा कमी बोलणारा माणूस बसत असेल, आणि त्याने जपून एखादी गोष्ट सांगितली, तर हसण्याआधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन या. जायचंच असेल तर तो म्हणेल त्या वारी जा.

संध्याकाळ झाली की अण्णा काठी टेकत येतात, कोंबड्यांना माझ्यात कोंडायला. हल्ली त्यांना कमी दिसतं. कोंबड्या फणसाच्या त्या फळीवर उड्या मारून बसतात, थोड्या भांडतात, मग एकेक करून पंख मिटतात. सगळ्यांचे पंख मिटेपर्यंत अण्णा दारात उभे राहतात. मग दार लावतात. आपटत नाहीत. आधी पत्र्यावर तळहात फिरवतात, आणि मगच हळू लोटतात.